घरचे म्हणतात ठीक आहे

भगवंतरावांच्या वावरातली वांगी जळाली ती भादव्यात. आधी शेंडे मुरगळले, मग पानं दोरीसारखी बारीक होऊन लोंबायला लागली, आणि आठवडाभरात रस्त्याकडेचा सगळा तुकडा उभ्याउभ्या वाळला. एसटीतून जाणारी माणसं खिडकीतून वळून बघायची. कीड अशी येत नाही, हे मेडशीत शेंबड्या पोरालाही कळत होतं. वांग्यावर कुणीतरी गवत मारायचं औषध फवारलं होतं.

कुणी, हे फक्त तुळसाबाईंना माहीत होतं.

त्या दिवशी दुपारी त्या भाकर घेऊन वावरात गेल्या, तेव्हा भगवंतराव पाठीवर पंप घेऊन वांग्यांतून चालत होते. वय सत्तरीच्या पुढं, पण चाल अजून ताठ.

"रामधन संध्याकाळी मारणार हाये ना? तुमी कायले घेतला पंप?"

"शेंडेअळी पडली. वाट पाह्यली तं सारं खाऊन टाकीन," भगवंतराव म्हणाले.

बोलणं अगदी बरोबर होतं. पण बांधावरचा डबा बघून तुळसाबाई थबकल्या. पांढरा डबा. त्यांचा मुलगा मुकेश तो डबा गुरांच्या जुन्या कोठ्यात वरच्या फळीवर वेगळा ठेवायचा. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या गवतासाठी आणलेला.

"हे काय मारलं तुमी?"

"औषद."

"कायचं औषद?"

भगवंतरावांनी डब्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, पुन्हा डब्याकडे पाहिलं. मग चिडले. "तुले काय समजते त्यातलं? भाकर आन इकडं."

तुळसाबाईंनी त्यांच्या पाठीवरचा पंप उतरवला. विहिरीच्या पाइपाखाली धरून धुतला, पालथा घातला आणि डबा कोठ्यात जागेवर नेऊन ठेवला. थोडंच मारलं असेल, पाऊस आला तर धुऊन जाईल, असं स्वतःला सांगितलं. संध्याकाळी रामधननं तोच पंप घेतला, अळीचं औषध भरलं आणि सांगितल्याप्रमाणे सगळा तुकडा फवारला. रस्त्यानं येणाऱ्याजाणाऱ्यांनी त्याला फवारताना पाहिलं.

रामधन टेकडीपलीकडच्या तांड्यावरचा. मुकेशचं लग्न व्हायच्या आधीपासून तो या घरी वर्षाच्या बोलीवर सालदार होता. आठवडी बाजाराला भाजी भरणं, पाणी देणं, फवारणं, सगळं त्याच्या हातात. मुकेश पहाटे टेम्पोत माल घालून वाशिमला जायचा तो दुपारून यायचा. त्यामुळं वावर खरं तर रामधनच बघायचा.

वांगी वाळली तेव्हा मुकेशनं त्याला अंगणात उभं केलं. शेजारची चारदोन माणसं आपोआप जमली.

"तूच फवारलं ना?"

"मीच फवारलं. पण अळीचं फवारलं, भाऊ. पंप माह्या आधी कोनं तरी वापरला होता. ओला होता."

"कोन वापरीन? भूत?" मुकेश बापाकडे वळला. "बाबा, तुमी होते ना वावरात? काय पाह्यलं?"

भगवंतराव ओसरीवर खुर्चीत बसले होते. गावात दोन भावांचा धुऱ्याचा तंटा झाला की लोक त्यांनाच बोलवायचे, आणि ते म्हणतील तिथं दगड रोवला जायचा. त्यांनी रामधनकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "रामधननंच मारलं. पांढरा डबा घेतला त्यानं. मी धुऱ्यावर बसलो होतो, या डोयानं पाह्यलं."

खोटं बोलत असल्याची छटासुद्धा त्या आवाजात नव्हती, कारण ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच आठवत होतं.

रामधन दाराकडे वळला. "माय, तुमी आलत्या ना भाकर घेऊन. तुमी सांगा."

तुळसाबाई चौकटीत उभ्या होत्या. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"मी लवकर घरी आलती," त्या म्हणाल्या. "मले नाही माईत."

रामधननं खांद्यावरचा दुपट्टा काढून झटकला, परत खांद्यावर टाकला आणि निघून गेला. मुकेशनं त्याचं साल मोडलं, कामावरून काढून टाकलं. गावात सांगितलंही, की यानं मुद्दाम केलं, पगार वाढवून मागत होता म्हणून. त्यानंतर मेडशीत त्याला कुणी कामाला बोलावलं नाही. दिवाळी झाल्यावर तो आणि त्याची बायको मंजू एका टोळीबरोबर ऊस तोडायला निघून गेले. आयुष्यात कधी कोयता न धरलेला माणूस.

*

तुळसाबाईंनी हे झाकणं त्या दिवशी सुरू केलं नव्हतं. ते दोनतीन वर्षांपासून चाललं होतं.

बाजारात सुट्टे पैसे परत देताना भगवंतराव चुकायला लागले, तेव्हा त्या त्यांच्या शेजारी गोणपाटावर येऊन बसल्या. लोकांना वाटलं, म्हातारपणी जोडी शोभते. मग ते कधीच विकून टाकलेल्या बैलाला चारा घातला का, असं विचारायला लागले. "घातला," त्या म्हणायच्या, म्हणजे विषय संपायचा. घरी कुणी आलं आणि नाव आठवेना, की त्या आतूनच मोठ्यानं म्हणायच्या, "हरीओम आला काय? बस, चहा टाकतो." नाव कळलं की भगवंतराव गप्पा मारायला मोकळे.

सून सुचिता हे सगळं बघत होती. तिनं सासऱ्यांना दोनदा बसस्टँडवरून परत आणलं होतं. एकदा तर ते अकोल्याच्या गाडीत बसले होते आणि कंडक्टरला सांगत होते, मले मायकडं जायचं हाये. त्यांची आई मुकेशच्या जन्माआधीच गेली होती.

"आई, वाशिमले दाखवून आणू एकदा," सुचिता म्हणायची.

"काय दाखवतं? म्हातारपण हाये. म्हातारपणावर डॉक्टर काय करीन?"

"पण मुकेशले तरी सांगू द्या."

"तुले सांगून ठेवतो सुचिता, एक शब्द बोलशीन तं माह्या इतकं वाईट कोनी नाही."

तुळसाबाईंना येडा या शब्दाची भीती होती. तो एकदा माणसाला चिकटला की गाव त्याच्याशी कसं वागतं, हे त्यांनी पाहिलं होतं. जो माणूस आयुष्यभर दुसऱ्यांचे तंटे सोडवत आला, त्याच्या मागं पोरं दगड घेऊन लागलेली त्यांना बघायची नव्हती. सुचिता गप्प बसली. वांगी जळाली तेव्हाही तिला शंका आली होती, पण तिनं डोळ्यांनी काही पाहिलेलं नव्हतं.

*

थंडीच्या दिवसांत आशाताई घरोघर सांगून गेली, की साठीच्या वरच्या सगळ्यांची तपासणी होणार. सुई नाही, रक्त नाही, फक्त प्रश्न विचारणार. दुसऱ्या दिवशी एका मेडिकल कॉलेजची जीप आली. भगवंतरावांच्या घरी प्रियदर्शनी नावाची मुलगी आली. वाशिमचीच होती, हातात टॅबलेट, गळ्यात ओळखपत्र. मुकेश त्या दिवशी घरी होता. तो खांबाला टेकून उभा राहिला.

"म्हातारपणी विसरायचा आजार असतो," प्रियदर्शनीनं समजावलं. "पुष्कळ लोकांना तो असतो, पण कुणी दवाखान्यात जात नाही, म्हणून कुठं लिहिलाच जात नाही. असे न कळलेले किती लोक आहेत, ते आम्ही मोजतोय."

भगवंतराव खुशीत होते. नवीन माणूस आलं की ते नेहमीच खुलायचे. "कोनाची तू, बेटा?"

"वाशिमची आहे, आजोबा. आता मी तीन शब्द सांगते. ते लक्षात ठेवा, मी थोड्या वेळानं परत विचारीन. मडकं, सायकल, लिंबू."

"मडकं, सायकल, लिंबू," त्यांनी लगेच म्हटलं आणि मुलाकडे विजयी नजरेनं बघितलं.

मग तिनं महिना विचारला. "कापूस येचाचा," ते म्हणाले. साल विचारलं, तर म्हणाले, यंदा पीक बरं हाये. तुळसाबाई दारातून "मार्गशीर्ष" असं पुटपुटल्या, तेव्हा प्रियदर्शनीनं हसून हात जोडले. "आजी, त्यांनाच सांगू द्या. तुमची पाळी नंतर येणार आहे." आणि भगवंतरावांना विचारलं, "मघाचे तीन शब्द?"

"कोन्ते शब्द?"

"मी सांगितले होते ना."

"तू काईच सांगतलं नाही. कोनाची तू, बेटा?"

 मुकेश खांबापासून सरळ झाला. बाप थोडं विसरतो हे त्याला माहीत होतं. इतकं, हे त्यानं कधी थांबून बघितलं नव्हतं.

प्रियदर्शनी पुढं गेली. वस्तूंची नावं, कोपर कुठं, खिडकी कुठं. कुऱ्हाडीनं काय करतात. ते सगळं भगवंतरावांनी पटापट सांगितलं. अंगणात पालथा घातलेला फवारणीचा पंप तिच्या नजरेला पडला. त्यांना बरं वाटावं म्हणून तिनं तोही विचारला. "आणि त्यानं काय करतात, आजोबा?"

"फवारतात!" ते पुढं सरकले. "वांग्यावर मीच मारलं यंदा. रामधन टाळाटाळ करे. मी पांढरा डबा घेतला अन् सारं वावर मारलं. गवताची काडी नाही ठेवली. विचारा हिले, भाकर घेऊन आलती."

मुकेशनं आईकडे बघितलं. तुळसाबाईंनी पदर ओढून मान खाली घातली, आणि त्याला उत्तर मिळालं.

"ते काईबी बोलतात," तो प्रियदर्शनीला म्हणाला. 

तिला यातलं काही कळायचं कारण नव्हतं. "आता घरातल्या कुणाशी तरी बोलायचंय," ती म्हणाली. "जे त्यांना रोज बघतात, त्यांच्याशी."

"मी सांगतो," तुळसाबाई म्हणाल्या.

सुचिता स्वयंपाकघराच्या दारात आली होती. "मी सांगू का? मी रोज..."

"तू चहा ठेव," मुकेश म्हणाला.

प्रियदर्शनी तुळसाबाईंना घेऊन अंगणात लिंबाखाली बसली. पण मुकेशही मागोमाग आला आणि थोड्या अंतरावर टेम्पोचं टायर बघत बसला.

"आजी, पाच-दहा वर्षांपूर्वीचे आजोबा आणि आत्ताचे, यात काही फरक? वस्तू ठेवून विसरतात?"

"नाही."

"ओळखीच्या रस्त्यावर चुकतात?"

"नाही."

"पैशाचा हिशेब?"

"मीच पाहतो. बायका पाहतातच."

"शेतीचं जे काम आधी नीट जमायचं, त्यात अलीकडं काही चूक झाली? नुकसान झालं?"

टायर बघणाऱ्या मुकेशचा हात थांबला. त्यानं मान वर करून आईकडे पाहिलं आणि अगदी थोडी हलवली. नाही.

"नाही," तुळसाबाई म्हणाल्या.

प्रियदर्शनीनं टॅबलेट मांडीवर ठेवला. "आजी, त्यांना महिना सांगता आला नाही. शब्द आठवले नाहीत."

"त्यायले महिन्याचं काय काम? ताट वाढलं का जेवतात, झोप आली का झोपतात."

"हे बघा, आमची मोजणी दोन गोष्टींवर असते. माणसाला काय जमतं, आणि घरचे काय सांगतात. घरचे म्हणाले की रोजच्या जगण्यात काही अडत नाही, तर मला आजार लिहिता येत नाही. न शिकलेला म्हातारा माणूस आहे, म्हणून परीक्षेत कमी पडला, असं धरतात."

"अन् लिव्हला, तं बरा होईन काय?"

"पूर्ण बरा नाही होत," ती म्हणाली. "पण काळजी कशी घ्यायची, ते कळतं."

"मंग कायले मोजता बाई?"

"मोजलंच नाही तर वरचे म्हणतात, तिकडं आजारच नाही. मग डॉक्टर कशाला द्यायचा?"

तुळसाबाई पदर सावरून उठायला लागल्या. तिनं पुन्हा एकदा विचारलं, "नक्की ना, आजी? काहीच त्रास नाही?"

"काईच नाही."

जीपपर्यंत सोडायला सुचिता गेली. रस्त्यावर आल्यावर तिनं बसस्टँडचं सांगितलं, अकोल्याच्या गाडीचं सांगितलं. प्रियदर्शनीनं ऐकून घेतलं. "आज सकाळपासून प्रत्येक घरी हेच चाललंय," ती थकून म्हणाली. "ओसरीवर एक सांगतात, आणि सून मागून येऊन दुसरं सांगते. मी शेरा टाकीन, पण आमच्या कॉलेजच्या मॅडम पहिलं उत्तर धरतात. तू त्यांना वाशिमला घेऊन ये." तिनं आपला नंबर दिला.

घरात मुकेश ओट्यावर बसला होता. सुचितानं परत येऊन चहाची भांडी उचलली. "रामधनले फोन करा."

"काय सांगू?"

"जे खरं हाये ते."

"म्हणजे गावाले सांगू, का माह्या बापाचं डोस्कं कामातून गेलं? मागच्या सालीच त्यायनं सई करून वावर माह्या नावावर केलं. रिठदले देलेली माही बहीण आताच हिश्श्यासाठी कुरकुर करून राह्यली. तिनं हे ऐकलं तं उद्या म्हणीन, येड्याची सई घेतली." तो आईकडे वळला. "तुले माईत होतं अन् तू मले बोलली नाही."

"तू इचारलं नाही," तुळसाबाई म्हणाल्या.

"बरं झालं नाही बोलली. आताबी बोलू नको."

दुसऱ्या दिवसापासून मुकेश भेटेल त्याला सांगायला लागला, की कॉलेजचे डॉक्टर आले होते, बाबाले तासभर तपासलं, एकदम ठणठणीत म्हणले. भगवंतरावांना त्यानं घराबाहेर जाऊ देणं बंद केलं. कुणी विचारलं की सांगायचा, गुडघे दुखतात.

*

उन्हाळा लागेपर्यंत भगवंतराव पार बदलले. रात्री झोपेनात, दिवसा घरभर हिंडायचे, कपड्यात घाण करायचे. सुचितानं धुवायला हात लावला की मारायचे. आणि दिवसभर एकच विचारायचे, "रामधन कुठी गेला? त्याले बलावा. त्याच्याबिगर मी आंघोय नाही करत."

ज्याला त्यांनी घालवलं त्याचंच नाव तेवढं त्यांच्याजवळ उरलं होतं. मुकेशचं नाव ते विसरले होते. तुळसाबाईंना ते कधी माय म्हणायचे, कधी मोलकरीण समजून अंगावर ओरडायचे.

सुचितानं प्रियदर्शनीला फोन केला. ती म्हणाली, मोजणी संपली, नोंदी बंद झाल्या. "आकडा फारच कमी आला गं. बैठकीत सगळे खूश झाले, म्हणाले आपल्याकडं एकत्र कुटुंब आहे, म्हणून आजार कमी. तू आजोबांना आणणार होतीस ना?"

"मुकेश नेऊ देत नाही," सुचिता म्हणाली.

रामनवमीला पोहरादेवीच्या जत्रेची गर्दी सुरू झाली तशी ऊसतोडीची माणसंही तांड्यावर परतली. रामधन आल्याचं कळल्यावर तुळसाबाई एका सकाळी टेकडी चढून गेल्या. रामधन दारात बाजेवर बसला होता. डाव्या पायाला खालपर्यंत फडकं बांधलेलं. कोयता लागला होता आणि जखम भरत नव्हती. मंजू त्यांना बघून आत गेली, ती बाहेर आलीच नाही.

"बसा म्हणनार नाही," रामधन म्हणाला.

"त्या दिवशी मले माईत होतं," तुळसाबाई उभ्या उभ्या म्हणाल्या. "त्यायनंच मारलं. मी पंप धुतला."

"मलेबी समजलं होतं, माय. तुमी दारात उभ्या होत्या ना, तवाच समजलं. मले वाटलं आज नाही तं उद्या सांगसान."

"ते तुह्यं नाव घेतात सारखं. येशीन का?"

रामधन हसला. हसणं चांगलं नव्हतं. "कायले येऊ? पोट्टे अजून मले औषदवाला म्हणतात. लग्नात गेलो तं लोकं ताटापासून दूर सरकतात. आधी गावात सांगा. हरीओमच्या दुकानासमोर, सगळ्यायच्या देखत. मंग पाहू."

"सांगतो," तुळसाबाई म्हणाल्या.

त्या घरी न जाता सरळ हरीओमच्या किराणा दुकानासमोर गेल्या. तिथल्या बाकांवर नेहमीचे सातआठ जण बसले होते. उन्हानं त्यांचा चेहरा लाल झाला होता, पदर सुटला होता, श्वास लागला होता. तशाच त्या बोलल्या. आवाज मोठा करायची सवय नव्हती, त्यामुळं चिरका निघाला.

"आमच्या वांग्यावर रामधननं नाही मारलं. आमच्या घरच्यायनं मारलं. त्यायले काई समजत नाही, दोनतीन वर्सं झाले. मी लपवलं. रामधनचा काई दोष नाही."

 मग हरीओम काउंटरमागून बाहेर आला आणि मऊ आवाजात म्हणाला, "काकू, आधी पाणी प्या. सावलीत बसा."

"मी खरं सांगून राह्यली."

"हो, हो. पण डॉक्टर लोकं येऊन तपासून गेले ना? आमच्याबी घरी आलते. मुकेशनं सांगतलं, बाबाले काईच नाही. तपासणीत पास झाले."

"थे मी खोटं सांगतलं होतं त्यायले."

बाकावरचे दोघे एकमेकांकडे बघून हसले. एक म्हातारा, ज्याच्या धुऱ्याचा दगड गेल्या वर्षी भगवंतरावांनी त्याच्या फायद्याचा हलवून दिला होता, तो जोरात म्हणाला, "भगवंतरावाचं डोस्कं तं पंचक्रोशीत एक नंबर. तुमालेच ऊन लागलं, वहिनी."

"अशीच सुरुवात होते," दुसरा हळूच म्हणाला, पण तुळसाबाईंना ऐकू गेलं. "त्या तपासायले आलेल्या पोरीनं सांगतलं नव्हतं का? माणसं काईच्या काई बोलतात."

हरीओमनं तोवर मुकेशला फोन लावला होता. मुकेश टेम्पो घेऊन आला. त्यानं आईचा दंड धरला. घट्ट, पण लोकांना प्रेमानं धरल्यासारखं दिसेल असा.

"वय झालं," तो सगळ्यांना म्हणाला. "दोनतीन महिने झाले, असंच चालू हाये. आमी कोनाले सांगतलं नाही."

लोकांनी माना हलवल्या. कुणीतरी म्हणालं, घरी सांभाळा, बाहेर सोडू नका.

घरी सुचितानं विचारलं, "आई खरं बोलल्या ना तिथं? मंग तुमी काय सांगून आले?" मुकेश बाहेर गेला. त्यानं अंगणाच्या फाटकाला साखळी लावली आणि किल्ली खिशात टाकली. संध्याकाळी सुचितानं चोरून एका पोराहाती तांड्यावर रामधनला बोलावणं धाडलं. उत्तर आलं, की मालकीणबाई दुकानासमोर गेल्या होत्या आणि लोक काय म्हणाले, हे दोन्ही कळलं. आम्ही वीटभट्टीवर चाललो.

आता तुळसाबाई बाजारात जात नाहीत. गोणपाटावर सुचिता एकटी बसते, आणि गिऱ्हाईक भाजी घेता घेता विचारतं, सासू कशी हाये, ओळखते काय? सुचिता आधी सांगायची, सासू चांगली हाये, सासऱ्यायचं डोस्कं नाही. लोक तिच्याकडे कीव करून बघायचे. आता ती वजन करते आणि पैसे घेते.

ओसरीवर दोघं म्हातारे समोरासमोर बसलेले असतात. भगवंतराव काही विचारतात, तुळसाबाई उत्तर देतात, ते पुन्हा विचारतात. रस्त्यानं जाणारे फाटकातून आत बघतात आणि त्यांच्यासाठी दोघांमध्ये काही फरक नसतो.